चालणाऱ्याचं नाव

शुभ शुक्रवारी, ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, सकाळी अस्सुन्ता टेकडीवर रोझमेरीच्या फांद्या कापायला गेली. कास्तेलमिर्तो गावात त्या दिवशी प्रत्येक बाई आपल्या दारापुढच्या फरशीवर त्या पसरते. दुपारी नवसाचे पुरुष पांढरे झगे घालून, चेहऱ्यावर टोप ओढून, अनवाणी त्यावरून चालत जातात आणि चुरडलेल्या पानांचा वास संध्याकाळपर्यंत गल्ल्यांतून हलत नाही.

शेजारची जेल्सोमिना बरोबर होती. तिची जीभ विळ्यापेक्षा जलद चालायची.

"आमचे हे चालणार आहेत बरं का! एरवी खाटेवरून चुलीपर्यंत यायचं तर गुडघे धरतात. पण टोप घातला की घोडा! तोंड झाकलं ना, की या पुरुषांना भारी भक्ती येते." मग तिने मान वळवली. "तुझा सावेरियो कधी पोचतोय गं?"

"नाही येत. खाणीतून सुट्टी दिली नाही. काल निरोप आला बेल्जियमहून."

जेल्सोमिनाचा विळा थांबला. "अगं बाई… मग नवस?"

अस्सुन्ता फांद्या बांधत राहिली. नवसाचं असंच असतं. बोलताना ओठ हलवायचे, एवढंच. फेडताना मात्र जीव कंठाशी येतो. गेल्या हिवाळ्यात तिची लिबेरा, सहा वर्षांची पोर, तापाने हातची जायची वेळ आली होती. तेव्हा तिने सप्तदुःखी माउलीच्या, ख्रिस्ताच्या आईच्या, पायांवर डोकं ठेवलं होतं. 'माझी पोर ठेव, तिचा बाप तुझ्या मागून अनवाणी चालेल.' शेजारी उभ्या सावेरियोने मान डोलावली होती. ताप उतरला. पोर हसू-खेळू लागली. आणि आता, उपासाचे दिवस सुरू झाले त्या भस्म बुधवारपासून, तिचं अंग पुन्हा तापू लागलं होतं.

घरी सासूबाई, दोन्ना रेपाराता, नातीच्या कपाळावर व्हिनेगरची पट्टी ठेवत बसल्या होत्या. खोलीला त्या आंबट वासाने घेरलं होतं. अस्सुन्ताने नवऱ्याचा झगा पेटीतून बाहेर काढलेला पाहून त्या उठल्याच.

"डोकं फिरलं का तुझं? बाईमाणसाने टोप घातल्याचं मी जन्मात ऐकलं नाही."

"टोपाखाली कोण बघतंय, आई?"

"जिने बघायचं, ती बघतेच. अगं, माउलीही आईच आहे ना? ती काय दारात काठी घेऊन उभी राहणार आहे? पुढच्या वर्षी फेडेल सावेरियो."

"आणि तोवर…" अस्सुन्ताने खाटेकडे पाहिलं. सासूबाईंनी पाठ फिरवली आणि पट्टी पुन्हा भिजवली. अडवलं मात्र नाही.

चर्चच्या दारात मिरवणूक काढणाऱ्या बंधुमंडळाचे म्होरके एजीदियो उभे होते, थकलेले, कानाने अधू. प्रत्येकाच्या कमरेला ते दोर बांधत आणि कानाशी वाकून विचारत, "कोण चालतंय?" चालणाऱ्याने हळूच आपलं नाव सांगायचं. ते एजीदियोंच्या पोटात राहायचं, बायकोलासुद्धा कळायचं नाही. मग परत येईपर्यंत मौन.

नवसाच्या धास्तीत अस्सुन्ताला हा प्रश्न आठवलाच नव्हता. दोर कमरेभोवती आला तेव्हा तो आठवला. सावेरियोचं नाव सांगावं, तर आजच्या दिवशी, या दारात खोटं बोलायचं? स्वतःचं सांगावं, तर दोर तिथेच सुटणार.

"कोण चालतंय?"

ज्या नावासाठी ती आली होती, तेच एक नाव जिभेवर होतं.

"लिबेरा…" ती कुजबुजली.

एजीदियोंची बोटं क्षणभर थबकली. मग, बापाच्या तोंडून पोरीचं नाव निसटलं असं समजून, त्यांनी गाठ आवळली. "लिबेरा चालतेय," ते सवयीने पुटपुटले आणि पुढे सरकले.

माणसं जोडीजोडीने निघाली. अस्सुन्ता सर्वांत मागे, एकटी उरली. जोडीदार नसेल, तर शेजारची जागा तशीच रिकामी सोडायची, असा तिथला रिवाज. तिला बरंच वाटलं. कुणी जवळ नको होतं.

घंटा आज दुखवट्याने मुक्या होत्या. पुढे एकजण त्यांच्याऐवजी लाकडी फळ्यांचा खटखटा वाजवत होता. त्या आवाजावर एक पाऊल टाकायचं, थांबायचं, डुलायचं, मग दुसरं. आभाळ राखेसारखं होतं. टोपाच्या दोन भोकांतून तिला पुढच्या पाठी दिसत होत्या आणि स्वतःचा श्वास कानांत घुमत होता. खडे तळव्यांत शिरत होते. प्रत्येक टोचणीला ती मनात म्हणत होती, घे माउली, हे घे, पोर सोड.

उतारावर वास बदलला. पायांखाली रोझमेरी होती, पण नाकाला येत होता तो व्हिनेगरचा वास. आंबट, कोंदट, आजाऱ्याच्या उशाचा.

मग तिला पावलं ऐकू आली. शेजारून. ओल्या फरशीवर पडावीत तशी हलकी… तिच्या एका पावलाला दोन.

टोप घातल्यावर मान वळवायची नसते. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. रिकाम्या जागेत पांढरा झगा डुलत होता. उंच होता, तिच्याहून बराच उंच. टोपाचं टोक वरच्या सज्ज्यांना लागेल असं वाटत होतं. कुणी उशिरा आलेला असेल, तिने मनाला समजावलं. खालच्या आळीतला कुणी दांडगा गडी.

तिने नजर खाली नेली.

झग्याच्या काठाखालून दोन इवलीशी पावलं बाहेर पडत होती. उजव्यावर भाजल्याचा डाग होता, पानासारखा. इस्त्रीचा. ज्या दिवशी लिबेराने तो लावून घेतला, त्या दिवशी अस्सुन्ताने तिच्याहून जास्त हंबरडा फोडला होता.

तिला ओरडायचं होतं. मौन मोडलं तर नवस मोडतो. रांग सोडली तरी मोडतो. ती चालत राहिली, रडत राहिली, आणि ती पावलं तिच्या बरोबरीने चालत राहिली. आधी थांबत थांबत, मग घाईने, जणू चर्चचं दार दिसल्यावर कुणीतरी त्यांना ओढत होतं.

दारात एजीदियो गाठी सोडत होते. "कोण पोचलं?" असं प्रत्येकाला विचारत होते. जे नाव सांगून निघायचं, तेच सांगून पोचायचं, आणि आत आज मांडलेल्या ख्रिस्ताच्या थडग्यापुढे जाऊन पडायचं. आत दिवे नव्हते. उंच झगा आधीच पायरी चढला होता. एक लहान पाऊल उंबऱ्यावर होतं, दुसरं हवेत उचललेलं… ते अस्सुन्ताच्या उत्तरासाठी थांबलं होतं.

"कोण पोचलं?"

अस्सुन्ताने टोप ओरबाडून काढला.

"मी! मी अस्सुन्ता! चालले ती मी, हे रक्त माझ्या पायांचं आहे! लिबेरा घरी आहे. ती कुठेही आलेली नाही… तिला कुणीही नेऊ नका!"

खटखटा थांबला. सगळं गाव तिच्या उघड्या केसांकडे बघत राहिलं.

"पोरी, पोरी," एजीदियो म्हणाले, "हे काय केलंस?"

शेजारी कुणी नव्हतं. गर्दीतून जेल्सोमिना धावत आली, आपली शाल तिच्या डोक्यावर टाकून तिला बाहेर काढू लागली. "चल, घरी चल. मेलं बोलू दे लोकांना. पण अगं, वाटभर एवढी वाकून का चालत होतीस? कुणाचा हात धरल्यासारखी?"

घरी सासूबाई दारातच भेटल्या. चेहरा पांढराफटक होता, पण डोळ्यांत पाणी हसत होतं.

"दुपारभर झोपेत पाय हलवत होती गं. थांबवता थांबेना. आत्ता खटखटा थांबला आणि हीही थांबली. हात लाव… ताप उतरला."

अस्सुन्ता खाटेपाशी बसली आणि दोन्ही हात जोडून खूप रडली. माउलीने तिची अब्रू घेतली होती आणि पोर दिली होती. असा सौदा कुठली आई नाकारेल?

रविवारी, ख्रिस्त उठल्याच्या दिवशी, घंटा पुन्हा वाजल्या. लिबेरा नवा फ्रॉक घालून जेल्सोमिनाकडे गोड पाव आणायला गेली. अस्सुन्ता दारात उभी राहून बघत होती. ऊन पडलं होतं, गल्ली मोकळी होती, तरी पोर भिंतीला घासून येत होती. एक पाऊल टाकायची, थांबायची, डुलायची. मधूनच मान वर करायची, अगदी वर, आणि काहीतरी सांगून हसायची.

"लिबेरा, सरळ चाल बाळा. ये लवकर."

लिबेरा उंबऱ्याशी आली. पण आत शिरली नाही. बाजूला झाली आणि दाराचा पडदा हाताने उचलून धरला, पाहुण्यासाठी धरावा तसा.

"आई, सरक ना जरा," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाकून यावं लागतं."