मावशीची उबेची पेटी

“आज काय करायचं?” शंकासुराने विचारलं.

“काल केलं तेच. बसायचं!” ताई म्हणाली.

सुट्टी लागली तेव्हा केवढे बेत होते! आणि आता तिघं पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसून रेंगाळणाऱ्या पंख्याकडे बघत होते. घरी कोणी नसायचं, म्हणून मावशी ताईला आणि धाकट्या पिटुकलीला रोज कामावर घेऊन यायची. शेजारचा शंकासूर न बोलावताच यायचा. ‘पण का?’ विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून हे नाव.

दार उघडून मावशी बाहेर आली आणि मटकन बाकावर बसली.

“पुन्हा सगळ्या बशा कोऱ्या! जंतूंचा एक ठिपका नाही.”

“मग बरंच की. पाण्यात जंतू नाहीत!” शंकासूर म्हणाला. “पण मग टाकीजवळच्या वस्तीतली मुलं आजारी का पडतायत?”

“तेच तर! शिवाय एका बशीत मी मुद्दाम ओळखीचे, जिवंत जंतू सोडते. ते तरी उगवायलाच हवेत ना? तेही नाहीत. म्हणजे पाणी चांगलं नाही रे, माझं काम वाईट.” मावशीने डोळे मिटले. “साहेब म्हणाले, ‘बाई, तुमचा हात बिघडला.’ असेलही. फार थकलेय मी. दुसरीकडे बदलीचं सोमवारी बोलायचंय, असं त्यांना सांगून आलेय.”

ताईला हे पटेना. मावशीच्या हाताचं सगळ्या खात्यात नाव होतं, आणि तीच असं बोलत होती!

“ते जंतू उगवतात कशाने?” तिने विचारलं.

“उबेने. आपल्या अंगाइतक्याच. फार लाडावलेले असतात. गारठ्यात पेंगतात, चटका बसला की मरतात. ना गार ना गरम, मधलं हवं! म्हणून तर तो इनक्युबेटर, ती उबेची पेटी. सकाळी काटा बघते, दुपारी टाक्यांवरून नमुने घेऊन आले की पुन्हा बघते. बरोबर सदतीस अंशांवर असतो.”

“मावशी, जंतूंना लसूण आवडतो का?” पिटुकलीने मध्येच विचारलं.

“काहीतरीच काय!”

“काल त्या पेटीतून लसणाचा वास आला.”

मावशीचं नाक फिनाईलने केव्हाच कामातून गेलं होतं. ती उठली, बाटल्यांची पिशवी घेतली आणि पाय ओढत टाक्यांकडे निघाली. ताई मात्र ताडकन सरळ बसली.

“मावशी नसताना कोणीतरी पेटी उघडतं आणि काटा फिरवतं! आणि ती यायच्या आत परत जागेवर आणतं!”

“पण का? आणि आपण पाळत ठेवणार कशी? जेवायच्या सुट्टीत शिपाईकाका आपल्याला झाडाखाली पिटाळतात.”

“रोज पिटाळतात! का बरं?”

पिटुकलीच्या पिशवीत मेणाचे खडू होते. त्यातला जांभळा ताईने निवडला. पेटी जास्त तापली तर तो वितळणारच, पण अंगाच्या उबेला टिकतो का, हे आधी बघायला हवं होतं. ते शंकासुराने स्वतःवर घेतलं आणि संध्याकाळभर खडू काखेत धरून बसला.

“शाबूत आहे!” सकाळी त्याने जाहीर केलं.

“शी! आता तो तुलाच ठेव!” पिटुकली म्हणाली.

ताईने मावशीला विचारलं, तर तिने का, कशाला काही विचारलं नाही. “ठेव बाई, काय ठेवायचं ते ठेव,” एवढंच म्हणाली. ताईने खडूचा कागद सोलला आणि तो पेटीतल्या वरच्या जाळीवर, बशांपासून लांब ठेवला.

दुपारी शिपाईकाकांनी पिटाळताच तिघं निमूटपणे झाडाखाली गेले. एरवी घासाघीस करणारी मुलं आज इतकी शहाणी कशी, याचा काकांना संशय यायला हवा होता!

थोड्या वेळाने आतून साहेबांचा आवाज आला, “माझ्या डब्यावर हे जांभळं काय सांडलंय?”

तिघं धावत आत गेले. टेबलाभोवती साहेब, कारकून आणि शिपाईकाका जेवायला बसले होते. तिघांच्या डब्यांवर जांभळे ओघळ! तेवढ्यात मावशीही नमुने घेऊन परत आली. ताईने तिला हात धरून इनक्युबेटरकडे नेलं. काटा सदतीसवर होता, पण खडूचा पत्ता नव्हता. जाळीला नुसते मेणाचे थेंब लोंबत होते.

“शेगडी कधीची बंद आहे हो,” मागून आलेले शिपाईकाका पुटपुटले. “दुरुस्तीला न्यायचं कोणाच्या अंगात त्राण नाही. म्हणून डबे इथे ठेवतो. काटा जरासा वर नेतो. पण परत जागेवर आणतोच की!”

“जरासा? मेण वितळेपर्यंत?” मावशी ओरडली. “माझे जंतू रोज भाजून मारलेत तुम्ही!”

“मला वाटलं, शेगडी दुरुस्त झाली,” साहेब म्हणाले.

“पण तुम्ही विचारलं का नाही?” शंकासूर म्हणाला.

“ईऽऽ! जंतूंच्या पेटीत जेवण!” पिटुकली किंचाळली, आणि कारकुनाने हातातला घास गुपचूप डब्यात ठेवला.

मावशी खुर्चीवर बसली. तिने आपले दोन्ही हात समोर धरले. “माझा हात बिघडला नव्हता,” ती म्हणाली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि शेगडी स्वतः उचलून दुरुस्तीला नेली.

त्याच दिवशी मावशीने पेटी आतून पुसून काढली, नव्या बशा लावल्या आणि पेटीला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी तिने ते उघडलं. ओळखीच्या जंतूंची बशी ठिपक्यांनी गच्च भरली होती! आणि टाकीच्या पाण्याचीही. लगेच टाकी बंद झाली, वस्तीत दुसरं पाणी गेलं.

“शाबास रे पोरांनो!” साहेब म्हणाले. “आम्ही मोठे झोपलो होतो, तुम्ही जागे होतात.” मग ते मावशीकडे वळले. “बाई, दुसरीकडे जाण्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं ना तुम्हाला?”

“मला? छे!” मावशी म्हणाली आणि नमुन्यांची पिशवी खांद्याला लावली. “टाकी धुऊन झाली की तिचं पाणी पुन्हा तपासायचंय. आणि ते मीच तपासणार.”