एकेचाळीस मिनिटांची कृतज्ञता

मंगळवारी दुपारी चार वाजून अकरा मिनिटांनी अस्थिरोग विभागातल्या सात नंबरच्या खाटेवरून बेल वाजली आणि दारावरचा दिवा लाल झाला. चार वाजून बावन्न मिनिटांनी रेश्मा मावशी आत गेली.

खाटेवर हणमंत कुंभोजकर होते. वय एकोणऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली होती. मावशीनं त्यांची ओली चादर बदलली, अंग पुसलं, सिस्टरांनी काढून ठेवलेली दुखण्याची गोळी दिली, कपाळावरून हात फिरवला. कुंभोजकर तिचा हात धरून रडले. त्यांच्या मनगटावरच्या ओलावा-पट्टीनं चौऱ्याण्णव आकडा दाखवला. एवढा आकडा तिथे आजवर कुणाचाच आला नव्हता.

पट्टी रुग्णालयात येऊन चौदा महिने झाले होते. कुणाच्या चांगुलपणानं रुग्णाला भरून आलं, की नाडी आणि घाम यांवरून ती ते टिपायची. आकडा सत्तरच्या वर गेला की छतातला कॅमेरा मागची पाच मिनिटं जपून ठेवायचा. असे क्षण रोज पाच वाजता तळमजल्यावरच्या मोठ्या पडद्यावर दाखवले जात, नातेवाइकांच्या फोनवरही जात. कार्यक्रमाचं नाव 'आजचा ओलावा'. मंगळवारी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुंभोजकरांची मुलगी वैजयंती हिनं नागपुरात बसून तो क्षण दोनशे जणांना पाठवला.

विभागाच्या प्रमुख सिस्टर फिलोमिना डाबरे दुपारभर एका शस्त्रक्रियेच्या रुग्णाजवळ होत्या. त्या खाली आल्या तेव्हा पडद्यावर तेच चालू होतं. इतरांना मावशीचा हात दिसला; सिस्टरांना चादर दिसली. डागाची कड वाळून पिवळी पडली होती. चोवीस वर्षं अशा चादरी बदललेल्या सिस्टरांना कळलं, की म्हातारा बराच वेळ ओल्यातच पडून होता.

पट्ट्या सांभाळणाऱ्या जुनैदला त्यांनी विचारलं, ही नेमकं काय मोजते?

"हिला माया कळत नाही, सिस्टर. ताण किती उंचावरून किती झपाट्यानं उतरला, तेवढंच कळतं. माणूस जेवढा तळमळलेला, तेवढा आकडा मोठा."

"हे वॉर्डात कुणाला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? मावश्यांना माझ्याआधी कळलं."

मुद्दाम थांबलीस का, असं सिस्टरांनी विचारलं तेव्हा रेश्मानं काहीच नाकारलं नाही. बेल वाजल्या वाजल्या पाणी नेलं तर अकराच्या पुढे आकडा जात नाही, ती म्हणाली. माणसं वरसुद्धा बघत नाहीत, ठेवा तिथे म्हणतात. ज्यांची सरासरी तिसाच्या खाली त्यांना पुढच्या महिन्यात काढणार, ही नोटीस सिस्टरांनीच तर वाचून दाखवली होती. मग तिनं शांतपणे विचारलं, "तुमची किती आहे, सिस्टर?"

सिस्टरांची नऊ होती. त्या बेल वाजली की जात.

तक्रारीवर रुग्णाची सही लागायची. बुधवारी सकाळी सिस्टर कागद घेऊन सात नंबरला गेल्या. कुंभोजकरांनी तो नीट वाचला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"एकेचाळीस मिनिटं. सांगलीच्या गाडीला एवढा उशीर झाला असता, तर लोकांनी माझी केबिन फोडली असती."

"मग सही करा, काका."

त्यांनी कागद परत दिला. "वैजू आठ महिन्यांत पहिल्यांदा अर्धा तास बोलली. म्हणाली, पप्पा, किती चांगली माणसं मिळालीत तुम्हाला. आता तिला सांगू, की मी घाणीत पडलो होतो? आणि सिस्टर, त्या मावशीनं कपाळावरून हात फिरवला तेव्हा मला जे वाटलं, ते खोटं नव्हतं हो. त्याचीच मला जास्त शिसारी येते."

सहीविना तक्रार दाखल झाली नाही. दुपारी व्यवस्थापकांनी सिस्टरांना बोलावून घेतलं, त्यांच्या नऊ आकड्याबद्दल सहानुभूती दाखवली आणि त्यांची बदली औषधांच्या कोठारात केली. तिथे रुग्ण नसतात. मंगळवारचा तो क्षण नव्या कर्मचाऱ्यांना नमुना म्हणून दाखवायचं त्याच बैठकीत ठरलं.

गुरुवारी दुपारी चार वाजून तीन मिनिटांनी सात नंबरचा दिवा लाल झाला. रेश्मा दाराबाहेर येऊन थांबली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघू लागली. पाटीवर सगळ्या खाटांच्या पट्ट्यांवरचे त्या घटकेचे ताणाचे आकडे होते, सात नंबरची जागा तेवढी कोरी होती. पट्टी बिघडली असेल, गळून पडली असेल, कुंभोजकरांनी स्वतः काढली असेल, किंवा आणखी काही. दार उघडल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

तिनं जुनैदला फोन लावला. आधी पट्टी चालू करून दे, म्हणाली, मग आत जाते.

जुनैद चौथ्या मजल्यावर होता. चार वाजून एकोणतीस मिनिटांनी तो लिफ्टची वाट बघत होता. दिवा लालच होता.