आपोआप उघडणारं दार

"मावशी, दाराची ही पेटी तू सकाळपासून तिसऱ्यांदा उघडतेयस," शेंग म्हणाली.

"मग काय, तिच्याकडे बघत बसू?" मावशीने वैतागून स्क्रू फिरवला.

नोकरी सोडून मावशीने इमारतींना कार्डाने उघडणारी दारं बसवायचा धंदा सुरू केला होता. ही पहिलीच इमारत. इथलं दार सकाळी शहाण्यासारखं बंद राहायचं आणि दुपारी कुणी नसताना उघडायचं. आज पाचपर्यंत ते सुधारलं नाही, तर सेक्रेटरीकाका सगळं काढायला लावणार होते. शेंग आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू सुट्टीत मदतीला आले होते. तीन दिवस शिडी धरून दोघांचा पार पिट्टा पडला होता.

ढब्बू तर दारासमोरच्या गार फरशीवर सरळ आडवा झाला.

"ऊठ, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी मेलोय."

खट्! दार उघडलं. ढब्बूने बोटही हलवलं नव्हतं. वर मात्र काहीतरी हलत होतं.

"ताई, ती पाटी बघ."

बाहेर जाणाऱ्याला कार्ड लागू नये म्हणून दारावर आतून एक सेन्सर होता. समोर हालचाल दिसली की तो दार उघडायचा. नेमकी त्याच्यासमोर सेक्रेटरीकाकांनी दोरीने पाटी टांगली होती: 'दार कायम बंद ठेवा.' दुपारी उकडायला लागलं की वॉचमनमामा पंखा लावायचे आणि पाटी झुलायची.

"आणि मी तीन दिवस पेटीत डोकं खुपसून बसलेय," मावशी पुटपुटली.

पाचला काका आले. "चला, काढा सगळं."

"काढतो की. तोवर ही पाटी जरा घट्ट धरता का, काका?" शेंगने साळसूदपणे विचारलं.

काका हात वर करून न हलता उभे राहिले. पंखा चालूच होता, तरी पाच मिनिटं दार मुकाट बंद.

"आता सोडा."

खट्!

काकांनी दाराकडे पाहिलं, मग पाटीकडे. मग खुर्ची ओढून त्यांनी स्वतःच दोरी सोडली.

"मानलं पोरांनो तुम्हाला," ते म्हणाले. "राहू द्या हो बाई तुमचं दार."

ते गेल्यावर मावशी पायरीवर मटकन बसली. हसायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"उद्या जुन्या साहेबांना फोन करणार होते मी," ती म्हणाली. "परत कामावर घ्या म्हणून."

"आणि आता?" ढब्बूने विचारलं.

"आता नाही," म्हणत मावशीने दोघांना जवळ ओढलं आणि तिला रडूच आलं.