पंच्याऐंशीची लेन्स

आधीच सांगतो, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. पिंपळ, विहीर, पडकं घर, काही म्हणजे काही नव्हतं.

भर सकाळ होती. लग्नाचा मांडव होता. मागून सांबाराच्या फोडणीचा वास येत होता... आणि शेकडो माणसं बसली होती.

तरीही हे घडलं. गेल्या माघात, आंध्रातल्या आमच्या पालकोल्लुत, चिट्टीबाबू फोटोवाल्याच्या बाबतीत. त्याच्या स्टुडिओला लागून माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. सगळं त्याच्या तोंडून ऐकलंय. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. लोकांना पटवत बसायचा मला वीट आलाय.

चिट्टीबाबू माणूस सोन्यासारखा. पण निवड करायची वेळ आली की संपलं! इडली घेऊ की पेसरट्टू, एवढ्यावर हॉटेलवाल्याला रडवेल. छत्तिशी आली तरी बिनलग्नाचा. ही मुलगी फार बोलते, ती फारच गप्प. शेवटी नरसापूरची अरुणज्योती त्याला पसंत पडली, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने, मंगतायारू अक्काने, देवापुढे नारळ फोडला. आधी अक्काच्या एकुलत्या एका मुलीचं, हिमबिंदूचं, लग्न. ते झालं की लगेच याचा साखरपुडा.

आणि नेमकी तेव्हाच लेन्स गेली.

गोदावरीकाठची दमट हवा. जुन्या लेन्सच्या आत बुरशी चढली. फोटोवर दुधाची साय धरल्यासारखं पांढरं दिसायला लागलं. बिंदूचे फोटो दुसऱ्या कुणाला काढू द्यायचे, हा विषयच नव्हता. अक्काने बजावलंच होतं.

"जिरं-गुळाचा फोटो नीट आला पाहिजे. माझ्या लग्नात त्या मेल्या फोटोवाल्याचं रीळ नेमकं तेव्हाच संपलं. बिंदूचा बिघडला ना, तर मला तोंड दाखवू नकोस."

जिरं-गूळ म्हणजेच आमच्याकडे लग्न. मधे अंतरपाट असतो. मुहूर्त लागला की नवरा-नवरी एकमेकांच्या टाळूवर वाटलेल्या जिरं-गुळाचा गोळा ठेवतात आणि हात तसाच दाबून धरतात. अंतरपाट बाजूला होतो. लग्न लागलं! मंगळसूत्र वगैरे सगळं नंतर.

तो एक क्षण. पुन्हा मिळत नाही.

महिनाभर चिट्टीबाबूने आमचं डोकं खाल्लं. झूम घेऊ की नको? झूमने लांबचं-जवळचं दोन्ही येतं, पण वजन किती! शेवटी राजमंड्रीचा शेषू, जुने कॅमेरे विकतो तो, त्याच्यावर उखडला.

"अरे, लेन्स घ्यायचीय की घरजावई? ही पंच्याऐंशी एमएमची ने. वापरलेली आहे, पण काच बघ कशी आहे. लग्न काढ. आवडली तर ठेव, नाही तर आणून दे."

"आधी कुणाची होती?"

"कूळ-गोत्र कशाला विचारतोस? सोयरीक करायचीय का तिच्याशी?"

लेन्स झकास होती. चेहरा उजळून निघायचा. खुबी अशी की एकच पातळ काप स्पष्ट यायचा, त्याच्या पुढचं-मागचं सगळं धूसर. नवरीचे डोळे धरले तर कानातले झुमकेही पुसट.

लग्नाची सकाळ उजाडली.

पहिला फोटो. बिंदू आरशापुढे बसलेली. चिट्टीबाबूने तिच्या डोळ्यांवर नेम धरला, बटण दाबलं... बिंदू धूसर. आणि तिच्या पार मागे, खोलीच्या बंद दाराची कडी मात्र लख्ख.

"च्यायला," तो म्हणाला. "पहिल्याच घासाला खडा."

नंतर बिंदूला टोपलीत बसवून मांडवात आणलं. खरं तर ती उचलायचा मान मामाचा, म्हणजे याचाच. तोही याने चुलतभावावर ढकलला. कॅमेरा कोण सोडणार!

फोटो काढला. टोपली धूसर... बिंदू धूसर. टोपलीच्या अलीकडची एक रिकामी खुर्ची लख्ख.

मग नवरदेवाचे पाय धुतले. तो फोटोही गेला. त्याच्याही अलीकडे, जमिनीवर ठेवलेला पाण्याचा तांब्या तेवढा स्पष्ट.

चिट्टीबाबूच्या डोक्यात सणक गेली. त्याने कोपऱ्यात जाऊन शेषूला फोन लावला.

"कसलं भंगार गळ्यात मारलंस रे! धरतो एक आणि येतं भलतंच!"

"वापरायला शिक आधी. नेम मागे पडतोय की पुढे?"

"दर वेळी वेगळा. आधी पार मागे दारावर. मग खुर्चीवर. आता तर..."

शेषूने एकदम आवाज खाली आणला.

"चिट्टी... जवळ येतोय का?"

"काय जवळ येतोय?"

"जे स्पष्ट दिसतंय ते... दर फोटोत तुझ्या जवळ येतंय का?"

चिट्टीबाबूने कॅमेऱ्यात पाहिलं. दार. खुर्ची. तांब्या.

"हो."

"काढ ती. आत्ताच्या आत्ता जुनी लाव. दोघांनी परत आणून दिलीय मला, मला वाटलं..." मागे कुणीतरी शेषूला हाक मारली, आणि फोन कट झाला.

पण जुन्या लेन्सला बुरशी! तीत बिंदूचा चेहरा भुतासारखा पांढरा येणार. चिट्टीबाबू दोन्ही लेन्स हातात धरून उभा राहिला. ही की ती? ती की ही? आयुष्यभराचा रोग, ऐन वेळी उपटला.

"अरे बाबू, मेला मुहूर्त टळेल!" अक्का मांडवातून ओरडली.

त्याने पंच्याऐंशीचीच ठेवली.

अंतरपाट धरला. चिट्टीबाबू मांडवाच्या कडेला उभा राहिला. त्याच्यापुढे फुलांची रांगोळी होती, तिथे कुणी उभं राहू नये म्हणून मुद्दाम काढलेली. त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला.

पंतुलु भटजींनी वाजंत्र्यांना हात वर केला. "गट्टिमेळम!"

सनई-ढोलांचा एकच कडकडाट झाला. अक्षता उडाल्या...

आणि आवाज गेला.

ढोलावर टिपऱ्या पडत होत्या. लोकांची तोंडं हलत होती. चिट्टीबाबूला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. स्वतःच्या कॅमेऱ्याची टकटकसुद्धा नाही.

तेवढ्यात चौकटीत खालून काहीतरी काळं आलं. धूसर, गोल.

डोकं.

कुणीतरी बाई मधे आली होती. फोटोवाल्यांचा रोजचा ताप! प्रत्येक लग्नात ऐन मुहूर्ताला कुणीतरी कडमडतंच. चिट्टीबाबू पिसाळला. डोळा कॅमेऱ्यावरून न हलवता त्याने नेहमीसारखा डावा हात पुढे केला आणि ते डोकं खाली दाबलं.

"अहो अम्मा, खाली व्हा ना! फोटो काढू द्या!"

गार... केस ओले होते. बोटांना मोगऱ्याचा गजरा लागला.

डोकं वाकलं. पण हाताखालून निघालं नाही. तिथेच राहिलं... शांत.

आणि त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या टाळूवर काहीतरी टेकलं. हलकंच. ओलसर.

त्याला वाटलं, गुलाबपाणी असेल. तो बटण दाबत राहिला.

मग ढोल पुन्हा कानात घुसले. त्याने डोळा काढला. समोर कुणीच नव्हतं. रांगोळीचं एक फूलसुद्धा विस्कटलेलं नव्हतं.

अक्का धावत आली. "आला ना रे? दाखव, दाखव!"

त्याने दाखवलं.

एकाही फोटोत बिंदू नव्हती, म्हणजे होती, पण नुसता लाल-पांढरा डाग. स्पष्ट होत्या त्या फक्त अगदी जवळच्या अक्षता. पिवळ्याधमक. त्या खाली पडत नव्हत्या. हवेत कशावर तरी टेकल्या होत्या. वर एक गोलाई... तिच्याखाली दोन्हीकडे उतार. डोकं आणि खांदे असावेत तसा.

पुढच्या फोटोत ती गोलाई वाकलेली.

आणि शेवटच्या फोटोत तिच्यावर चिट्टीबाबूचा स्वतःचा हात. लख्ख. पाचही बोटं पसरलेली, हवेवर ठेवलेली.

चिट्टीबाबूला रडू फुटायचं बाकी होतं. "अक्का, लेन्सच खराब होती गं. शपथ. मी काय करू? माझ्याच नशिबाला..."

अक्का फोटोकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्याकडे बघत होती.

"वाक."

"काय?"

"खाली वाक म्हणते ना!"

त्याच्या टाळूवर चिकट गोळा होता, चपटा दाबलेला. अक्काने बोट लावून वास घेतला.

जिरं... गूळ.

"कुणी घातलं हे?"

"कुणाचा तरी हात लागला असेल. गर्दीत..."

"तुझ्या आजूबाजूला कुणी नव्हतं, बाबू. मी बघत होते."

तिने पुसायला पदर उचलला. आणि हात मागे घेतला. मुहूर्ताचं जिरं-गूळ आमच्यात कुणी पुसत नाही.

बिघडलेल्या फोटोंबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तोंड दाखवू नकोस म्हणणारी बाई! चिट्टीबाबू म्हणतो, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी अक्काने नरसापूरला फोन करून अरुणज्योतीच्या घरच्यांना नकार कळवला.

चिट्टीबाबू तिच्या दारात जाऊन भांडला. "उभ्या जन्मात एक मुलगी पसंत केली मी, अक्का! एक! आणि ती सोयरीक तू मोडलीस?"

अक्काने त्याच्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"मी कुठे मोडली रे? लग्न झालेल्या माणसाला मी दुसरी कशी करून देऊ?"

तो तरातरा निघून आला आणि सगळं माझ्यापाशी ओकला. मी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, बायकांचं काय ऐकतोस, लेन्स शेषूच्या तोंडावर मार आणि मोकळा हो. शेषूने ती परत घेतली नाही. दुकानाचं दारच उघडलं नाही.

त्याच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत आहे, तीही पातळ. चिट्टीबाबू आता पूर्वीसारखा वैतागत नाही, घोळ घालत नाही. दुपारी दार लोटून डबा उघडतो. एकटाच असतो, मी स्वतः बघितलंय.

पण डबा उघडला की भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतो. अगदी हळू.

"जेवलीस का?"

मग तो थांबतो... उत्तर ऐकावं तसा.

मला अजून काही ऐकू आलेलं नाही. पण हल्ली मी दुपारचा जेवायला घरी जातो.