ग्रंथालयातून आलेल्या तक्रारी

त्या बुधवारची आठवण निघाली, की वर्षालीला आजही आधी पायऱ्या आठवतात – आणि मग तो.

आकुर्डीजवळच्या एका विद्यापीठातलं सगळं नेटवर्क ती एकटी सांभाळायची. परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि भर दुपारी सगळ्या इमारतींतलं नेट ठप्प. जिने चढत-उतरत, एकेक इमारत पालथी घालत ती ग्रंथालयात पोचली. तिथल्या स्विचमध्ये, म्हणजे नेटच्या वायरी जोडायच्या पेटीत, एकाच वायरची दोन्ही टोकं खोचलेली. तेवढ्यानं सगळ्या आवाराचं नेट बंद पडलं होतं.

"ही कोणी लावली?"

"मी." नवा सहायक ग्रंथपाल उठून उभा राहिला. नाव बुद्धरत्न. "एक टोक लोंबत होतं... बरं दिसेना, म्हणून खोचून टाकलं."

"तुमच्या नीटनेटकेपणापायी दोन हजार पोरं खोळंबलीत."

त्याचा चेहरा एवढासा झाला. वर्षालीला हसू आवरेना.

संध्याकाळी कुलसचिवांनी तिलाच धारेवर धरलं. तेवढ्यात तो दारात आला. "सर, मॅडमचा दोष नाही. चूक माझी आहे, लेखी देतो." नोकरीला लागून त्याला जेमतेम वीस दिवस झाले होते. वर्षाली त्याच्याकडे बघतच राहिली.

मग ग्रंथालयातून त्याच्या तक्रारी सुरू झाल्या. "मॅडम, नेट फार हळू चालतंय." ती जायची, तपासायची.

"चालतंय की."

"आत्ता चालायला लागलं... तुम्हाला बघून."

मग टपरीवर चहा व्हायचा. त्याला आलं जास्त लागायचं, तिला साखर कमी. ग्रंथालयाच्या खिडकीबाहेरचा बहावा पिवळाधमक फुलला, आणि झडलाही.

जूनमध्ये कळलं – नेटवर्कचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार. वर्षालीनं चाकणच्या एका कारखान्यात नोकरी धरली. शेवटच्या दिवशी पुन्हा फोन आला. "मॅडम, नेट बंद आहे."

ती गेली. त्यानं कॉम्प्युटरसुद्धा चालू केला नव्हता.

"एक सांगू?" ती म्हणाली. "कुणाचं नेट चालू, कुणाचं बंद, हे मला माझ्या खुर्चीवरून दिसतं. त्या बुधवारनंतर तुमचं एकदाही बंद पडलेलं नाही."

त्याचे कान लाल झाले. "मग... येत का होतात?"

"तुम्ही बोलावत होतात म्हणून."

त्यानं टेबलावरचा एक कागद उगाचच सरळ केला.

"आणि उद्यापासून कुठे बोलवू?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं टेबलावरच्या कागदावर रहाटणीच्या घराचा पत्ता लिहिला. "रविवारी दहाला या. बाबांना सुट्टी असते. आई खूप प्रश्न विचारेल..."

"विचारू देत. पण तुमचं उत्तर?"

"पत्ता दिला ना."

रविवारी तो साडेनऊलाच आला आणि धीर होईना म्हणून जिन्यातच उभा राहिला. दुधाच्या पिशव्या घेऊन वर येणाऱ्या बाबांनी विचारलं, "कुणाकडे आलात?"

"वर्षालीकडे... म्हणजे, तुमच्याकडे."

बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग एक पिशवी त्याच्या हातात दिली. "मग इथं काय उभे? चला वर. चहा व्हायचाय अजून."