दोन मिनिटं नुसता लाल

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी मी नंदुरबारबाहेरच्या एका मिरचीच्या पथारीवर गेले. काम साधं होतं. पाच मिनिटांची शांतता रेकॉर्ड करून आणायची. पिशवीत हेमकांतचा रेकॉर्डर, पाण्याची बाटली, गुळाचा खडा आणि तोंडाला बांधायला त्यांचाच एक जुना पंचा होता.

हेमकांत म्हणजे माझे पती. एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. गेल्या ऑगस्टमध्ये गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एक जुना कॅमेरा घेतला आणि छोटे चित्रपट करायला लागले. छोटे म्हणजे दोन मिनिटांचे, फार तर तीन. त्यांत गोष्ट नसायची. शाळेच्या ग्रंथालयाने टाकून दिलेली पिवळी कार्डं त्यांनी घरी आणून ठेवली होती. कानाला, नाकाला, कातडीला काही लख्ख जाणवलं की ते कार्डाच्या वरच्या अर्ध्यात लिहायचे आणि खालच्या अर्ध्यात ‘पडद्यावर’ असं लिहून त्याचा चित्रपट कसा होईल ते मांडायचे. एकदा धडगावहून जीपने आले आणि चपला न काढता ओट्यावरच लिहीत बसले. ते कार्ड माझ्याजवळ आहे. ‘घाटात प्रत्येक वळणाला शेजाऱ्याचं वजन माझ्या खांद्यावर येतं. उबदार. मग माझं त्याच्यावर जातं. पडद्यावर : जीप दाखवायची नाही. नुसते सात खांदे, वळणाबरोबर कलणारे. मधेच एक उतरतो. पुढच्या वळणाला सहाव्याला टेकायला कोणी नाही.’

तो चित्रपट त्यांनी केला. म्हसावदला घरी भिंतीवर चादर लावून दाखवला, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ नवल म्हणाला, “दादा, सात मानसे बसाडात आनि एकनं बी तोंड दखाडं नही?” सगळे हसले. हेमकांतही हसले. मी हसले नाही, कारण सहावा खांदा कलला आणि रिकाम्या जागेत तसाच थांबला, तेव्हा मला आपोआप माझ्या जागेवरून सरकावंसं वाटलं होतं.

मी तीस वर्षं लिहिते आहे. एखादा वास कागदावर आणायला मला दोन पानं लागतात आणि तरी तो येत नाही. हा माणूस केळीच्या बागेत डोळे मिटून उभा राहायचा, वाऱ्यानं पान फाटतं तो आवाज टिपायचा आणि घरी येऊन तो आवाज शिलाई मशिनवर वाकलेल्या एका बाईच्या चित्राखाली ठेवायचा. बाई कापड जोडते आहे आणि आवाज फाटण्याचा. त्याबद्दल बोलायचे मात्र नाहीत. विचारलं तर म्हणायचे, “बघ ना तूच.”

ते गेल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांच्या चारशेच्या वर ध्वनिफिती मी एकेक करून ऐकल्या. बाजार, जीप, चक्की, पक्षी, माणसं, सगळं होतं. त्यांचा आवाज कुठेच नव्हता. रेकॉर्डर चालू असताना ते श्वाससुद्धा जपून घ्यायचे. फोनवर निरोप टाइप करायचे. लग्नाच्या चित्रणांत ते नेहमी कॅमेऱ्यामागे. चोवीस वर्षांच्या संसारानंतर माझ्याजवळ त्यांचा एक शब्दसुद्धा नव्हता. माणसाचा चेहरा फोटोत राहतो, पण आवाज विसरला जातो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जानेवारीपर्यंत मला त्यांची हाक नीट आठवेनाशी झाली होती.

शेवटचं कार्ड मिरचीच्या पथारीचं होतं. ‘घशात आधी पोचतो तो रंग. पडद्यावर : दोन मिनिटं नुसता लाल. खाली बायकांचे खोकले, एकेक, ओळखू येतील असे. मग बायका उठून जातात. लाल तसाच. आता कोणी खोकत नाही. बघणाऱ्याच्या घशात खोकला यायला हवा.’ त्याखाली पेन्सिलीनं : ‘खोकले झाले. शांतता वाऱ्यानं खराब. पुन्हा जाणे.’

ते पुन्हा गेले नाहीत. म्हणून मी गेले.

पथारी म्हणजे उघड्या रानात वाळत घातलेली मिरची. नजर जाईल तिथपर्यंत लाल, आणि मधून चालायला अरुंद वाटा. ऊन चढलं की त्या लालातून वाफेसारखं काहीतरी हलतं. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि खरंच, डोळ्यांनी पाहण्याआधी तो रंग माझ्या घशाला लागला. चाळीस-एक बायका फडक्यांत तोंडं गुंडाळून देठ खुडत होत्या. त्यांतल्या एकीनं मला हात केला. शोभाबाई, पथारीवरची मुकादम.

“सरनी बाई ना तुमी? या, आठे बठा. तोंडले कपडा बांधी ल्या पहिले, नही ते दोन दिन खोकत ऱ्हाशात.”

“सर बसले होते ते कुठे?”

तिनं लालाच्या मधोमध बोट दाखवलं. “तठे. तवय ती जागा मोकळी व्हती. आते माल पसरेल शे.” मग डोळ्यांनी हसत म्हणाली, “सर ते आम्हना खोकला डब्बामा भरी लई गयात. मन्हा नवरानी इतला वरीसमा कधी मन्हा खोकला ऐका नही. सरसनी ऐका!”

बायका खिदळल्या आणि हसता हसता खोकल्या. तिच्या शेजारी फुलीबाई होती, अक्कलकुव्याकडच्या पाड्यावरची, वयस्क. ती म्हणाली, “सर चांगला माणूस. माझा खोकला मला ऐकवला. मी बोलले, ही तर माझी आई खोकते.”

मी तासभर त्यांच्यात बसले. हेमकांतनी काय ऐकलं होतं ते मला तिथे कळलं. शोभाबाईचा खोकला कोरडा, दोनदाच, दार वाजवल्यासारखा. फुलीबाईचा खोल, आणि त्याच्या टोकाला एक बारीक शीळ. डोळे मिटले तर चाळीस बायका चाळीस ठिकाणी उजळायच्या.

साडेबाराला त्या भाकरी खायला फाटकाजवळच्या निंबाखाली गेल्या. मी कडेच्या वाटेवर, पालथ्या टोपलीवर बसले आणि रेकॉर्डर सुरू केला.

आधी नुसतं ऊन होतं. मग वाळलेल्या मिरच्यांतलं बी उन्हानं तडकल्याचा आवाज, अगदी बारीक, इथे एक, तिथे एक. लांब रस्त्यावर एक ट्रक गेला. उजव्या गालावर गरम वारा लागत होता. दोन मिनिटं गेली असतील. घशात खवखव सुरू झाली. मी पंचा तोंडात धरला. डोळ्यांना धार लागली. समोरचा लाल वितळला, वर आला, सगळीकडे झाला. कार्डावरचा तो चित्रपट मी आतून पाहते आहे असं वाटलं, आणि त्याच क्षणी मला खोकला आला. एकदाच, दाबलेला.

बाटली सापडेना. डोळे उघडत नव्हते. हात पिशवीत चाचपडत होता आणि तोंडातून, घरी चोवीस वर्षं निघायचं तसंच, निघून गेलं :

“अहो... जरा पाणी...”

मला माझीच लाज वाटली.

मग चुर्र असा आवाज झाला.

वाळल्या मिरचीवर पाय पडला की तसा आवाज होतो. पुन्हा झाला. वाटेवरून नव्हे, मालावरून कोणीतरी चालत येत होतं. सावकाश, एकेक पाऊल जपून. पथारीवरची कोणतीही बाई मालावर पाय देत नाही. मी डोळे पुसत होते, ते अजून झोंबत होते. पावलं जवळ आली... अगदी जवळ. थांबली.

उजव्या गालावरचा वारा बंद झाला. बाकी अंगाला लागत होता, पदर हलत होता, पण उजव्या बाजूला कोणी उभं राहून आडोसा करावा तसा तो तुटला. आणि एवढ्या खकाण्यात इतकं जवळ उभं राहून ते जे कोणी होतं, ते एकदाही खोकलं नाही.

मी भ्याले नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण हललेही नाही. किती वेळ, सांगता येत नाही. निंबाखालून बायकांचा गलका आला, गालाला वारा पुन्हा लागला आणि मी डोळे उघडले. समोर नुसता लाल होता.

फुलीबाई पुढे आली आणि माझ्याकडे न बघता मालाकडे बघत थांबली. “इथे कोण चाललं?”

चुरडलेल्या मिरच्यांची एक रांग माझ्या टोपलीपाशी येऊन संपत होती. तिची सुरुवात कडेला नव्हती. पथारीच्या मधोमध, जिथे पोचायला वाटच नाही तिथून ती सुरू झाली होती.

“बाई,” फुलीबाईनं हळूच विचारलं, “हाक मारली का कोणाला?”

मी मान डोलावली.

शोभाबाईनं मात्र थट्टेवर नेलं. “ऊन लागनं ताईसले, दुसरं काही नही. दृष्ट काढी टाकसू, मिरचीले काय तोटा!” तिनं ढिगातल्या सात मिरच्या उचलल्या, माझ्यावरून ओवाळल्या आणि फाटकाजवळच्या चहाच्या चुलीत टाकल्या. सगळ्यांनी सवयीनं फडकी नाकाशी घट्ट धरली. मिरच्या काळ्या पडल्या, जळाल्या, राख झाल्या. ठसका लागला नाही. कोणालाच नाही. शोभाबाईनं चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“घर जाय, बहीन,” ती म्हणाली. थट्टा गेली होती, आणि ‘तुमी’सुद्धा.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. शेजारी कोणीतरी लसणाची फोडणी देत होतं. मी रेकॉर्डर लॅपटॉपला जोडला. शांतता सुरेख आली होती. बी तडकल्याचे आवाज, ट्रक, लांबच्या बायकांचं बोलणं. पण माझा खोकला नव्हता. माझी हाक नव्हती. पावलंही नव्हती. जिथे मी बोलले होते तिथे ऊन होतं नुसतं.

कार्डाप्रमाणे ही शांतता हेमकांतनी टिपलेल्या खोकल्यांना जोडायची होती, म्हणून मी त्यांची गेल्या वर्षी जानेवारीतली फीत उघडली. ती मी दिवाळीनंतर पूर्ण ऐकली होती. आधी खोकले, मग बायकांचं उठणं, मग शेवटपर्यंत वारा.

खोकले आले. दार वाजवल्यासारखे दोन, मग बारीक शीळ असलेला. बायका उठून गेल्या. वारा सुरू झाला.

मग वाऱ्यातून एक खोकला आला. एकच, पंच्यात कोंडलेला.

त्यामागून लांबून, पण स्वच्छ, माझा आवाज : “अहो... जरा पाणी...”

त्या जानेवारीत मी पथारीवर पाय ठेवला नव्हता.

दोन-तीन सेकंद काही नाही. मग माईकच्या अगदी जवळ, घोगरा, थोडा आश्चर्यानं, आणि मी विसरत चालले होते अगदी तसाच :

“आलो.”

तो शब्द मी किती वेळा ऐकला हे सांगत नाही. त्या संध्याकाळी मला दुसरं काही नको होतं. फीत मी तिथेच थांबवायची आणि मागे न्यायची. त्याच्या पुढे जायला मला दोन दिवस लागले.

पुढे ते उठतात. रेकॉर्डर चालू असताना ते कधी उठायचे नाहीत. इथे उठतात. कापडाची सळसळ होते आणि मग वाळल्या मिरचीवर पावलं. चुर्र. चुर्र. माईकपासून दूर, जपून, लहान होत जाणारी. मग थांबतात. मग वारा, एकवीस मिनिटं. ती एकवीस मिनिटं मी तीनदा कान लावून ऐकली. पावलं परत येत नाहीत. शेवटी माईकजवळ कोणाच्या तरी बोटानं बटण दाबल्याचा टक् असा आवाज होतो, आणि फीत संपते.

ही फीत झाली त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आमच्या दाराची कडी वाजली होती. दार मीच उघडलं. चेहरा तोच होता, खांद्याला पिशवी होती, पिशवीत रेकॉर्डर होता. त्यानंतर ऑगस्टपर्यंत, सात महिने, मी त्या माणसाला दोन्ही वेळा जेवायला वाढलं.