पालथा कागद

पोरांनो, मेणबत्ती इकडे सरकवा. आणि उर्स, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

ही गोष्ट योस्टची, माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा तो. लाकडात चित्र कोरणारे बाझलमध्ये पुष्कळ, पण हाडांचा सापळा कोरावा तर योस्टनंच. प्लेगच्या साथीचं वर्ष, नोव्हेंबरातली, सेंट मार्टिनच्या दिवसाची आदली रात्र. आपलं बाझलचं घड्याळ तासभर पुढे, त्यात नऊचे टोले पडले, म्हणजे बाहेरगावी आठ. योस्टची बायको व्हेरेना शाल गुंडाळून निघाली, न्हाव्याला आणायला. सहा वर्षांच्या अपोलोनियाच्या काखेत गाठ आली होती, ती फोडायची होती.

"तो कुठला येतोय," योस्ट म्हणाला.

"पाय धरीन त्याचे. तू पोरीजवळ बस. आणि तो मेला सापळा ठेव बाजूला."

त्यानं काही ठेवला नाही. वैद्यकीच्या पुस्तकातलं चित्र ते, हातात वाळूचं घड्याळ घेतलेला सापळा. कवटी आणि पावलं तेवढी कोरायची राहिली होती. योस्टच्या डाव्या हाताला पोरीचं अंथरूण, उजव्या हाताला दार. त्याच्या मनानं घेतलं, याचं तोंड दाराकडे केलं तर हा घरातून जाईल. बापाचं काळीज ते, दुसरं काय करणार? वेड्यासारखा कोरत बसला.

मग ठोकळ्याला शाई लावली, ओला कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला, आणि तो समोरच्या भिंतीवर डकवला. अंथरूण आणि दार यांच्या मधोमध.

"बाबा," अपोलोनिया म्हणाली, "हा माझ्याकडे येतोय."

योस्टनं वर पाहिलं. छाप उलटी पडते, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय. तीस वर्षं उलटं कोरणारा माणूस, भीतीपोटी त्या रात्री सुलटं कोरून बसला होता. कागदावरचा सापळा अंथरुणाकडे निघाला होता.

पोरीचा श्वास अडकला. एकदा. पुन्हा...

"हिला नको," योस्ट रडत म्हणाला. "दुसऱ्या कुणालाही ने."

कागद ओढला. पालथा केला. डकवला. ओल्या कागदातून शाई आरपार दिसत होती. आता पावलं दाराकडे.

पोरीनं श्वास घेतला.

आणि दाराची कडी वाजली.

"व्हेरेना?"

...

"व्हेरेना, आत येऊ नको..."

दार उघडलं. आत कुणी आलं नाही.

व्हेरेना उंबऱ्यावर मरून पडली होती. हातात न्हाव्याची सुरी. तो आला नव्हता, सुरी तेवढी दिली होती. अंगावर ना गाठ, ना अंगात ताप.

पोरगी वाचली. योस्ट मला म्हणायचा, "मी व्हेरेनाचं नाव नव्हतं रे घेतलं. पण दार मीच दाखवलं."

सकाळी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो ठोकळा मी उचलला. भिंतीवरच्या कागदात कवटी आणि पावलं एकाच दिशेला होती. लाकूड तासता येतं, तासलेलं परत भरता येत नाही, म्हणून छापून झालेलं चित्र ठोकळ्यावर मागाहून फिरवता येत नाही. ठोकळ्यावर पावलं दाराकडेच होती. मान मात्र वळलेली होती... मागे, अंथरुणाकडे.